पिपरी मेघेतले सव्वीस ट्युलिप

नर्सरीत शिकवणाऱ्या बाईला दोन गोष्टी चिकटल्या की निघत नाहीत. एक नखांतला ग्लू, दुसरे किस्से. ग्लू निदान खोबरेल तेल चोळलं की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जातो. किस्से साचतच राहतात. मी ते जेवताना सांगते, भाजी निवडताना सांगते, लग्नाच्या पंगतीत शेजारी अनोळखी बाई बसली तर तिलाही सांगते. परवा माझी बहीण वैतागून म्हणाली, "ताई, एकदाचं लिहून काढ आणि आमाले जेवू दे." तर घ्या, लिहून काढते. सगळे नाही, एकाच वसंत ऋतूचे.

वसंत ऋतू हा शब्द मी घरी वापरते. आमच्या शाळेत स्प्रिंग असतो. शाळा वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत, एका भाड्याच्या बंगल्यात. हॉलमध्ये नर्सरी, बेडरूममध्ये केजी वन, आणि मालकाचं देवघर होतं तिथे 'सेंटर हेड' अशी पाटी. त्या पाटीमागे प्राजक्ता मॅडम बसतात. नर्सरीची मिस मी. मुलांची नाकं, चड्ड्या, डबे आणि खरं सांगायचं तर अर्धी शाळा सांभाळतात त्या सुमन मावशी. आम्हा तिघींच्या वर, फार वर, हेड ऑफिस. ते कुठल्याशा मोठ्या शहरात आहे. तिथून दर टर्मला एक जाड मॅन्युअल येतं. त्यात लिहिलेलं असेल ते करायचं, मग खिडकीबाहेर काहीही चालू असो.

स्प्रिंगच्या मॅन्युअलच्या कव्हरवर स्वेटर घातलेला, लाल गालांचा एक मुलगा ट्युलिपच्या शेतात उभा आहे. वर्ध्यात एप्रिलमध्ये स्वेटर घातलेलं मूल दिसलं तर लोक त्याला आधी सावलीत बसवतील, पाणी पाजतील आणि मग आईबापाला शोधायला निघतील.

* * *

मॅन्युअलचं पहिलं पान : 'मुलांना खिडकीबाहेरचा वितळणारा बर्फ दाखवा.' आमच्या खिडकीबाहेर रिकामा प्लॉट आहे आणि त्यात दोन बकऱ्या. पण खाली बारीक अक्षरात होतं, 'बर्फ नसल्यास कापूस वापरावा.' मला हायसं वाटलं. जगातली दुसरी कुठलीही वस्तू मागितली असती तर पालकांनी नाक मुरडलं असतं, पण कापूस आणि तो वर्धा जिल्ह्यात! मी ग्रुपवर मेसेज टाकला, 'उद्या थोडा कापूस पाठवावा.'

दुसऱ्या दिवशी गावातल्या मुलांनी मेडिकलमधून निळ्या कागदात गुंडाळलेले रोल आणले. आणि ईश्वरीच्या आबाजींनी आणलं गाठोडं. मोटरसायकलवर मागे वांग्यांचं आणि सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, पोतं, पुढे नात, आणि नातीच्या मांडीवर हे गाठोडं. त्यांचं गाव केळझरच्या वाटेवर. रोज आधी नातीला शाळेत सोडायचं आणि मग भाजी घेऊन गुजरीच्या बाजारात जायचं, हा त्यांचा क्रम.

"थोडाच आनला मिसबाई," आबाजी म्हणाले. "पुरन ना?"

पुरला. सव्वीस मुलांच्या निळ्या कागदांवर डोंगर उभे राहिले, तरी अर्धं गाठोडं उरलं. प्राजक्ता मॅडम पाहायला आल्या. त्यांनी एक कागद उचलला, चष्मा वर केला.

"मिस, स्नोमध्ये हे काळं काळं काय आहे?"

"सरकी, मॅडम."

"स्नोमध्ये सरकी कशी?"

मी मॅन्युअल चाळल्यासारखं केलं. सुमन मावशी झाडू मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इकडचा बर्फ हाय मॅडम. इकडे सरकीसकटच पडते."

* * *

आता ईश्वरीबद्दल सांगायला हवं. पुढचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

ईश्वरी जूनमध्ये आली आणि जूनपासून एक अक्षर बोलली नाही. रडायची नाही, रुसायची नाही. सांगितलेलं सगळं करायची, दुसऱ्या मुलांच्या बुटांचे पट्टे लावून द्यायची, डबा खाऊन झाकण नीट लावायची. फक्त बोलायची नाही. मी आबाजींना विचारलं तर ते चकित झाले. "घरी तं तोंड मिटत नाई तिचं. गोठ्यातल्या म्हशीसंगं बोलते, वांग्यासंगं बोलते. काल मले इचारून राह्यली, आबा, कोहळ्याले पाय काऊन नाई."

नर्सरीतून केजी वनमध्ये जायला हेड ऑफिसचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात बारा प्रश्न. अकरा प्रश्नांत ईश्वरी वर्गात पहिली आली असती. बारावा प्रश्न : 'मूल पाहुण्यांसमोर स्वतःहून पूर्ण वाक्य बोलते का? हो / नाही.' 'नाही' आलं की मूल पुन्हा नर्सरीत. पाहुणे म्हणजे हेड ऑफिसच्या मॅडम, ज्या एप्रिलमध्ये स्प्रिंगचं प्रदर्शन बघायला येणार होत्या. फॉर्म त्यांच्यासमोर भरायचा होता.

मी आबाजींना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मोटरसायकलच्या टाकीवरची धूळ पुसत होते. "तिच्या सगळ्या मैत्रिनी वर जातीन," ते म्हणाले, "अन् हे खालीच राहीन?" मग म्हणाले, "आमी काय करायचं ते सांगा मिसबाई. जे मागान ते आनून देतो."

आणि आबाजींनी ते शब्दशः पाळलं. तिथूनच सगळी मजा सुरू झाली.

* * *

मार्चच्या सुरुवातीला प्राजक्ता मॅडमनी ग्रुपवर लिहिलं : 'निरीक्षणासाठी प्रत्येकी एक ट्युलिप पाठवा.' गावातल्या आया गिफ्ट शॉपमध्ये जाऊन प्लास्टिकचे घेऊन आल्या. आबाजी गेले कृषी केंद्रात.

ती हकीकत त्यांनीच मला दारात उभं राहून सांगितली. "दुकानदार म्हने, ट्युलिप कोन्त्या कंपनीचं वान हाय? म्या म्हनलं, शाळेचं हाय. त्यानं दोन-तीन पुस्तकं चायली. म्हने, एकरी किती निंगते? म्या म्हनलं, मले एकच झाड पाह्यजे. तो म्हने, काका, हे आपल्या जमिनीत येत नाई, तुमी भेंडी लावा. म्या म्हनलं, भेंडी तं लावेलच हाय."

तर त्यांनी भेंडीचं झाड आणलं होतं. दुधाच्या पिशवीत, मुळाच्या मातीसकट, वर दोन फुलं उमललेली. भेंडीचं फूल जवळून पाहिलंय कधी? फिकट पिवळं, आत गर्द वांगी रंग. प्लास्टिकचे पंचवीस ट्युलिप एका बाजूला पडले आणि सगळी मुलं त्या पिशवीभोवती जमली. कुणी पाकळ्या मोजल्या, कुणी मुंगी शोधून काढली. ईश्वरीनं फुलाच्या बुडाशी, जिथे पुढे भेंडी धरते तिथे, बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. तिनं तोंड मिटलं.

प्राजक्ता मॅडमनी तिच्या वहीत लाल पेननं शेरा दिला, 'नमुन्याप्रमाणे नाही.'

आबाजींनी तो शेरा माझ्याकडून वाचून घेतला आणि मान हलवली. "बराबर हाय. दुकानदारबी तेच म्हने."

* * *

हाताच्या ठशांचे ट्युलिप करायचा दिवस मॅन्युअलमध्ये छापून आला होता. तो दिवस धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी येतोय, हे हेड ऑफिसला कुणी सांगायचं?

मुलं आली ती सव्वीस तऱ्हांची. जांभळे कान, हिरव्या माना, आणि हात तर विचारू नका. दोघांच्या हाताला मोठ्या भावांनी चांदीचा पेंट फासलेला, तो साबणानं, रॉकेलनं, कशानंच निघालेला नव्हता. ईश्वरीचे हात तेवढे केशरी-पिवळे, कारण तिच्या घरी अजून पळसाची फुलं उकळून रंग करतात. मॅन्युअलचा हुकूम होता : लाल रंगात हात बुडवून ठसा. आम्ही बुडवले. पण धुळवडीच्या रंगापुढे आमच्या पोस्टर कलरचं काय चालणार? सव्वीस ट्युलिप उठले, जांभळे, पोपटी, चांदीचे, आणि एक पळसाचा.

प्राजक्ता मॅडम डोकं धरून बसल्या, पण फोटो पाठवणं भाग होतं. संध्याकाळी हेड ऑफिसचं उत्तर आलं : 'मेटॅलिक शेड्सचा उत्तम वापर. इतर शाखांनी अनुकरण करावे.'

इतर शाखांनी काय केलं असेल याचा विचार मी आजही कधीकधी करते.

* * *

सशाचा किस्सा सांगितला नाही तर पालकांवर अन्याय होईल.

गृहपाठ होता, 'मुलाने स्वतःच्या हाताने बनवलेला ससा.' साडेतीन वर्षांच्या मुलाने. त्याच्या हाताने सरळ रेघही निघत नाही. सोमवारी माझ्या टेबलावर सव्वीस ससे बसले. सात ससे एकाच दुकानातले, एकाच उंचीचे, त्यातल्या एकाच्या बुडाला किमतीचं स्टिकर तसंच. एक ससा थर्माकोलचा, डोळ्यांत लाल दिवे, पोटात बॅटरी, आणि शेपटीला ऑन-ऑफचं बटण. त्याच्या गळ्यात पाटी, 'मेड बाय मी'.

ईश्वरीचा ससा दुधी भोपळ्याचा होता. कान वालाच्या शेंगांचे, मिशा मक्याच्या केसांच्या. तो मात्र तिनेच केला होता, कारण एक कान पुढे होता आणि एक मागे. दुपारपर्यंत कूलरसमोर ठेवूनही सुकला, मग मावशींनी त्याची भाजी केली.

मी बॅटरीवाल्या सशाला 'गुड' दिलं आणि दुधीच्या सशाला 'एक्सलंट'. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना बॅटरीवाल्याचे वडील आले. अतिशय सभ्य गृहस्थ. आवाज हळू ठेवून म्हणाले, "मिस, 'गुड' म्हणजे नेमके मार्क कुठे कमी झाले?"

मी म्हटलं, "सर, ससा मुलानं करायचा होता."

"हो, ते कळलं," ते म्हणाले. "पण मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. घरच्यांना मी काय सांगू?"

* * *

छत्रीच्या दिवसाबद्दल फार बोलत नाही. मॅन्युअल म्हणालं, 'एप्रिलच्या सरींसाठी कागदी छत्री करा व मुलांना डबक्यात उड्या मारू द्या.' त्या दिवशी अंगणातल्या फरशीवर पापड वाळला असता. प्राजक्ता मॅडम स्वतः झाडांना मारायचा फवारा घेऊन गच्चीत उभ्या राहिल्या आणि खाली सर पाडू लागल्या. मुलांनी छत्र्या बाजूला ठेवल्या आणि रांगेत तोंडं उघडून उभी राहिली. डबक्यासाठी नळ सोडला तर घरमालक बाहेर आले. नळ एक दिवसाआड येतो हो आमच्याकडे. त्यांनी फक्त दोन बादल्या आणल्या आणि आमचं डबकं मगाने उपसून तुळशीला घातलं.

* * *

मग घरटं. 'वाळलेल्या गवताचे घरटे करा. परिसरात सहज उपलब्ध साहित्य वापरा.' मॅन्युअलमधलं हे एकच वाक्य मला पटलं होतं. मी सुमन मावशींना सांगितलं, उद्या सकाळी थोडं वाळलं गवत पाहिजे, सव्वीस घरट्यांना पुरेल एवढं. परिसरातलं गवत मार्चमध्येच बकऱ्यांनी संपवलं होतं, हे माझ्या लक्षात नव्हतं. मावशींच्या होतं.

सकाळी पाहते तर टेबलावर गवताचा ढीग. सोनेरी, मऊ, एकसारखं. मुलांनी ग्लूनं वाट्यांना चिकटवलं, आत मातीची अंडी ठेवली. इतकी सुंदर घरटी झाली की मलाच त्यात जाऊन बसावंसं वाटलं. विशेष म्हणजे त्यांना वाळ्याचा मंद वास येत होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अकरा वाजता ऊन चढलं आणि मी कूलर लावला. पहिल्याच फेऱ्यात त्यानं समोरच्या भिंतीवर पाण्याची पिचकारी मारली. भिंतीवर आमचे सव्वीस ट्युलिप. चांदीचे दोन सोडून सगळ्यांना ओघळ सुटले. मी धावत मागे जाऊन पाहिलं तर कूलरच्या मागच्या ताटीत गवताची एक काडी नव्हती. नुसती जाळी.

प्राजक्ता मॅडम धावत आल्या. "मावशी, ही नवी ताटी होती! परवा बसवली!"

"हाव ना," मावशी म्हणाल्या. "जुनीचं गवत कुजलं होतं, ते लेकराईच्या हाताले कसं द्याव?"

"पण कूलरचं गवत कुणी काढतं का?"

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मिसनंच वाचून दाखवलं. सहज उपलब्ध."

पुढचा आठवडाभर आम्ही घामाघूम होऊन, सव्वीस गारेगार घरट्यांकडे बघत शिकवलं.

* * *

हसण्याचा भाग इथे जरा थांबतो, कारण मला स्वतःवर चिडायचं आहे.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी ईश्वरीची आई आली. एरवी आबाजीच यायचे, ती शेतावर असायची. फॉर्मचं ऐकून ती काम टाकून आली होती. माझ्यासमोरच्या छोट्या खुर्चीवर बसली, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, आणि सरळ विचारलं, "मिस, ईश्वरी वर जाईन का नाई?"

मी म्हटलं, एक वाक्य बोलली तरी जाईल. पण ती बोलत का नाही तेच कळत नाही.

ती म्हणाली, "तुमीच तं सांगतलं होतं."

"मी?"

"अ‍ॅडमिशनच्या दिवशी. तुमी म्हनल्या, शाळेत इंग्लिशच बोलायचं, घरचं बोलनं शाळेत चालत नाई, गेटच्या बाहेर ठेवून यायचं. म्या तिले घरी जाऊन समजावलं. म्हनलं, बेटा, शाळेत आपलं बोलनं बोलजो नोको. मंग ते इंग्लिश शिकेपर्यंत गप राह्यली. आयकनारी पोरगी हाय माई."

हे वाक्य मी दर जूनला प्रत्येक आईला म्हणते. हसून म्हणते, पाठ आहे मला. प्राजक्ता मॅडम शेजारी बसलेल्या असतात म्हणून म्हणते, असं मी स्वतःला सांगत आले. मी स्वतः इथल्याच सेलूची. घरी आईला फोन लावला की माझ्या तोंडून 'का गं आई' नाही, 'काऊन वं माय' निघतं, आणि सकाळी गेटच्या आत पाय टाकला की मी 'गुड मॉर्निंग चिल्ड्रन' होते. मी बोलणं गेटबाहेर ठेवून येते ते संध्याकाळी परत उचलते. त्या लेकरानं ते ठेवलं आणि तिला दुसरं काही मिळालंच नाही. दहा महिने ती माझा शब्द पाळत होती आणि मी तिच्या वहीत 'शाय' लिहीत होते. मला त्या छोट्या खुर्चीवर बसलेल्या बाईसमोर इतकी लाज वाटली की मी उगाच ग्लूच्या बाटल्यांची झाकणं लावत बसले.

मग तिथेच मी तो फॉर्म काढून पुन्हा वाचला. 'पूर्ण वाक्य बोलते का?' एवढंच होतं. कुठल्या भाषेत, ते लिहिलेलं नव्हतं. खाली तळटीप आहे का तेही पाहिलं. नव्हती.

* * *

प्रदर्शनाचा दिवस.

कूलरला नवी ताटी बसवलेली, आणि मावशींना त्याच्याजवळ जायला बंदी. भिंतीवर ट्युलिप नव्याने केलेले, या वेळी साबणानं हात धुऊन, नमुन्याप्रमाणे, सव्वीसच्या सव्वीस लाल. टेबलावर घरटी. दारात पालकांची गर्दी, आणि त्यांच्यात डोक्यावरची टोपी हातात धरून आबाजी. गुजरी बुडवून आले होते. 'लागलं तर असू द्या' म्हणून एका पिशवीत भेंडीचं झाड घेऊन आले होते. ईश्वरीची आई त्यांच्या मागे.

हेड ऑफिसच्या मॅडम आल्या. कडक इस्त्रीच्या, पण चेहऱ्याने बऱ्या. प्रत्येक मुलासमोर वाकून एक प्रश्न विचारायच्या, "व्हॉट इज धिस, बेटा?" आणि मूल म्हणायचं, "धिस इज अ ट्युलिप." आठवडाभर पाठ करून घेतलेलं होतं, चुकणार कोण? मी त्यांच्या मागे फॉर्मांची चळत घेऊन चालले होते. बाराव्या प्रश्नावर टिक, पुढे. टिक, पुढे.

ईश्वरी शेवटून तिसरी. तिची पाळी यायच्या आधी मी बुटाचा पट्टा लावल्याचं निमित्त करून खाली बसले आणि तिच्या कानात म्हटलं, "ईश्वरी, आज आपलं बोलनं बोललं तरी चालते बरं का. तुले काई बी इचाराचं असन ते इचार."

तिनं मान मागे घेऊन माझ्याकडे पाहिलं. मिसच्या तोंडून हे बोलणं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

मॅडम तिच्यासमोर वाकल्या. भिंतीवरचा एक ट्युलिप काढून त्यांनी तिच्या हातात दिला. "व्हॉट इज धिस, बेटा?"

दारात आबाजींनी टोपी दोन्ही हातांनी धरली. तिच्या आईनं डोळे मिटून घेतले. प्राजक्ता मॅडम मागून हळूच पुटपुटल्या, "धिस इज... धिस इज अ..."

ईश्वरीनं तो कागदी ट्युलिप उलटा केला. त्याच्या बुडाशी, देठापाशी, बोट फिरवून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मग तिनं मान वर केली आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "याले काय लागते?"

पूर्ण वाक्य. मी पेननं टिक केली, पेन्सिलनं नाही.

"मिस, इन इंग्लिश," प्राजक्ता मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या. मी फॉर्म त्यांच्यापुढे धरला आणि कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं.

हेड ऑफिसच्या मॅडमना प्रश्नच कळला नव्हता. मावशींनी समजावून सांगितलं, "फूल झडलं का मंग त्याले काय लागते, असं म्हनते थे. भेंडी का वांगं का काय."

मॅडम हसल्या. मराठीत म्हणाल्या, "नाही बेटा, याला काही लागत नाही. हे नुसतं बघायचं असतं."

ईश्वरीनं हातातला ट्युलिप पाहिला. मग भिंतीवरचे पंचवीस पाहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "मंग काऊन लावलं?"

मॅडमनी प्राजक्ता मॅडमकडे पाहिलं. प्राजक्ता मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅन्युअलकडे पाहिलं.

मग दारातून आबाजी दोन पावलं आत आले, टोपी छातीशी धरून, अगदी अदबीनं. "सांगा ना मॅडम," ते म्हणाले. "मीबी दोन महिन्यापासून इचारीन-इचारीन म्हनून राह्यलो."